वाचक विचारतात : ‘दास’ म्हणवून घ्यायचं ते कशासाठी?

इस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू झाला की माझ्याकडे पत्रं वाढतात. एरवी लग्नाचे, वाटणीचे आणि दफनभूमीतल्या जागेचे प्रश्न येतात. या दिवसांत माणसं जरा आत डोकावतात. या खेपेला तीन पत्रं अशी आली की एकाचं उत्तर लिहिताना दुसरंच मधे मधे येत होतं, म्हणून तिन्ही एकत्र घेते. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत. मागे एकदोघांनी विचारलं होतं की उत्तरं देणाऱ्या या बाई कोण. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही; धर्मशास्त्र शिकलेली नाही. एका मिशन इस्पितळात एकतीस वर्षं नर्स होते, नाशिकला शरणपूरच्या बाजूला राहते, आणि गुडघे साथ देतात तोवर रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाते. एवढंच.

प्रश्न : मावशी, मी ओझरचा. वय एकोणतीस, कारखान्यात नोकरी. आमच्याकडे उपासनेत ‘आम्ही तुझे दास’ असं म्हणतात. माझे पणजोबा गावकीची वेठ करायचे. १९३० साली काळारामाच्या सत्याग्रहाला ते चालत आले होते, हे घरात अजून सांगतात. माझा एक मित्र म्हणतो, ‘पणजोबानं वेठ झुगारली अन् तू परत दास झालास?’ मला उत्तर सुचलं नाही. त्यात परवा तरुण संघाच्या शास्त्राभ्यासात बायबलातला कान टोचून कायमचा गुलाम करण्याचा नियम वाचला. पाळकसाहेब म्हणाले, हे प्रीतीचं चिन्ह आहे. मला तर अंगावर काटा आला. ही प्रीती की जबरदस्ती?

उत्तर : तुझ्याच वयाचा माझा नातू आहे, म्हणून ‘तू’ म्हणते. आधी सोपं सांगून टाकते. त्या ओळीला शब्द फुटत नसेल तर गप्प राहा. ओळ गाळली म्हणून देवळात कुणी हजेरी मांडत नाही. मीसुद्धा काही वर्षं त्या जागी खोकल्याचं निमित्त करायची. का, ते पुढे येईल.

आता शब्दाकडे. बायबलात रोमकरांस पत्र लिहिताना येशूचा प्रेषित पौल पहिल्याच ओळीत स्वतःला जे म्हणवतो, तो मूळ ग्रीक शब्द आहे ‘दूलोस’. म्हणजे सरळ गुलाम. रोमी राज्यात गुलाम ही मालकाची वस्तू होती, घोड्यासारखी विकता येणारी. आणि ज्या ख्रिस्ती मंडळ्यांत ही पत्रं वाचली जात, तिथे खरेखुरे गुलामही बसलेले असत. मराठीत त्या शब्दाचा ‘दास’ झाला आणि तो मऊ पडला. आपल्याला दास म्हटलं की टाकळीला बारा वर्षं तप करणारे रामदास आठवतात, ‘नामयाची दासी’ म्हणवणारी जनी आठवते. पण जनी नामदेवाच्या घरी खरोखर दळणकांडण करत होती. तिच्या तोंडच्या ‘दासी’ला जात्याचं वजन आहे. तुझ्या मित्राला या शब्दात वेठ ऐकू येते, देवळातल्या पुष्कळांना अभंग ऐकू येतो. माझ्या मते तुझा मित्र पौलाच्या जास्त जवळ आहे.

तो कानाचा नियम बायबलात दोन ठिकाणी आहे, निर्गम या ग्रंथाचा अध्याय २१ आणि अनुवादाचा १५. कर्जापायी कुणी इब्री (यहुदी) माणूस दुसऱ्याच्या घरी राबायला लागला, तर सहा वर्षं राबायचं आणि सातव्या वर्षी मोकळं व्हायचं. देणं कमी राहिलं की जास्त, हा प्रश्नच नाही. वर अनुवादात असं बजावलं आहे की त्याला रिकाम्या हाताने लावून देऊ नको. कळपातलं, खळ्यावरचं, द्राक्षकुंडातलं पदरात घालून पाठव. मग एक वेगळी वाट ठेवली आहे. तोच म्हणाला की मला जायचं नाही, माझी तुझ्यावर आणि तुझ्या घरावर प्रीती आहे, तर मालकाने आरी घ्यायची, त्याचा कान दाराला लावायचा आणि टोचायचा. मग तो कायमचा त्या घरचा. आपल्यात सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. तिथे हे काम मालकाकडे होतं, आणि सोन्याची बाळीही नव्हती.

माझे आजोबा निफाडकडे एका वाड्यावर सालगडी होते. तुझ्या पिढीला हा शब्द माहीत असेल, पण त्यातली मेख माहीत असेलच असं नाही. साल पाडव्याला संपायचं. त्या दिवशी मालक विचारायचा, ‘काय रे, राहतोस ना औंदा?’ विचारायची रीत होती, नाही म्हणायची सोय नव्हती. कारण मागच्या वर्षी घेतलेली उचल फिटलेली नसायची. आत्याच्या लग्नाची, आजीच्या बाळंतपणाची, कधी नुसत्या ज्वारीची. ती पुढच्या सालात ओढली जायची. दार सताड उघडं, पण पायात उचल. असं त्यांनी अकरा वर्षं काढलं. ज्या पाडव्याला ती फिटली त्या पाडव्याला ते निघाले, आणि मालकाने त्यांना पायलीभर दाणेसुद्धा दिले नाहीत. भाकरी बांधून चालत नाशिकला आले आणि मिशनच्या आवारात माळीकाम धरलं. पुढे कधीतरी त्यांनी अनुवादाचा पंधरावा अध्याय ऐकला तेव्हा म्हणे ते मधेच मोठ्याने म्हणाले, ‘हा कायदा आमच्या पाटलाला कुणी वाचून दाखवला नाही काय?’ मला हे आजीने सांगितलं. आजी सांगायची ते सगळंच घडलेलं असायचं असं नाही, पण हे असेल.

म्हणून तुझ्या पणजोबांचं आणि या दासाचं एका तराजूत घालू नकोस. वेठीला सातवं वर्ष नव्हतं. काळारामाच्या सत्याग्रहाचा सगळा प्रश्नच बंद दाराचा होता. ज्याला दारापाशी येऊ दिलेलं नाही त्याला ‘तू स्वखुशीने थांब’ म्हणण्यात काही अर्थ नाही. कान टोचण्याची पाळी येते ती सुटका हातात पडल्यावर. आणि तो टोचायचा कुठे, तर दाराशी. गोठ्यात नाही, माजघरात नाही. जिथून बाहेरचा रस्ता दिसतो तिथे.

पण थांब. तू नीट वाचलंस तर निर्गमात एक अडचण आहे, आणि ती पाळकसाहेबांनी सांगितली नसेल तर मी सांगते. मालकाने लग्न लावून दिलं असेल आणि पोरं झाली असतील, तर गडी एकटाच मोकळा, बायकापोरं मालकाचीच. मग तो म्हणतो, ‘मालकावर, बायकोवर आणि मुलांवर माझी प्रीती आहे, मी जात नाही.’ याला स्वखुशी कशी म्हणायची? पोरं आत ठेवून उघडलेलं दार. मला हे पटत नाही आणि तुला पटवून देण्याचा उद्योगही मी करणार नाही. अनुवादात तोच नियम पुन्हा सांगताना बायकापोरांचं हे कलम येत नाही, आणि दासीलाही तसंच वागवा असं जोडलेलं आहे, एवढं मात्र लक्षात ठेव. त्याच ग्रंथात पुढे तेविसाव्या अध्यायात आहे की मालकाकडून पळून आलेला दास तुझ्याकडे आला तर त्याला परत देऊ नको.

तरीही त्या गड्याचं वाक्य मी बरीच वर्षं मनात घोळवते आहे. मालक, बायको, मुलं, सगळी त्याने एका दमात घेतली. देवावरचं प्रेम निराळ्या डब्यात आणि घराची काळजी निराळ्या डब्यात, असं त्याने केलं नाही. आपली स्वखुशी कधी शंभर नंबरी नसते रे. तिच्यात पोरांची शाळा असते, म्हातारी आई असते, मुक्कामाची सवय असते.

माझंच बघ. नर्सिंग शिकले तेव्हा इस्पितळाने दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला होता. शिकवलं फुकट, मग दोन वर्षं इथेच काढायची. मी कालनिर्णयवर रोज रात्री तारखेवर काट मारत असे. देवळात ‘तुझे दास’ आलं की खोकायची ती तेव्हाच; मला वाटायचं, दास आहेच की मी, कागदावर सही करून. १९७९ मध्ये बाँड संपला. मुंबईला जागा मिळत होती, पगार जवळजवळ दुप्पट. मी थांबले. देवाची हाक वगैरे काही ऐकू आली नाही. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, क्वार्टरच्या दोन खोल्या होत्या, आणि सोबतच्या दोघी चांगल्या होत्या. एवढीच कारणं.

मग एक दिवस, तारीख काही लक्षात नाही, मी गॉज, म्हणजे जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड, कापत बसले होते. आमच्या वेळी तयार पाकिटं नव्हती. ठाणातून चौकोन कापायचे, घडी घालायची, ड्रममध्ये भरायचे आणि वाफेवर जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हला लावायचे. घडी घालताना चारही कडा आत दुमडायच्या. कड बाहेर राहिली तर सुताचा तुकडा सुटतो, जखमेत राहतो आणि जखम चिघळते. बाँडच्या दिवसांत मेट्रन फिरत असली की कडा आत जायच्या, पाठ फिरली की दहातल्या तीन तशाच. त्या दिवशी ड्रम अर्धा भरल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळ्या कडा आत आहेत आणि मेट्रन तर रजेवर आहे. कधीपासून असं चाललं होतं कुणास ठाऊक. मी थोडी घाबरलेच. पुढच्या रविवारी त्या ओळीला खोकला आला नाही.

तू विचारशील, मोकळा झालेला माणूस परत बांधून घेतो असं खरोखर कुणी केलंय का. ओझरहून नाशिकला येशील तेव्हा शरणपूर रोडने ये. आज तिथे दुकानं आणि गाड्या. पण हे शरणपूर १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी वसवलं. शरण आलेल्यांचं गाव. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जात, त्यांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे आणून ठेवली होती. सुतारकी, लोहारकी शिकवली, अक्षरओळख दिली, इंग्रजी वळणाची नावं दिली. त्या मुलांना किती विचारलं असेल हा प्रश्न मला पडतो; नावंसुद्धा ज्यांची पुसली गेली त्यांच्याबद्दल मोकळेपणाच्या गप्पा जपून माराव्यात.

त्यांतला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टन हा मिशनरी प्रवासी फिरत होता, त्याच्या मदतीला १८७२ मध्ये जी टोळी पाठवली, तिच्यात हा नाशिकला शिकलेला मुलगा होता. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन वारला, आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी. आता मालक मेला. रागवायला कुणी नाही, अडवायला कुणी नाही. सुसी आणि चुमा हे त्याचे जुने गडी, जेकब आणि बाकीचे यांनी ठरवलं की प्रेत समुद्रापर्यंत न्यायचं. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव कोरलं. देह मीठ लावून चौदा दिवस उन्हात सुकवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि नऊ महिने, दीड हजार किलोमीटर, खांद्यावर वाहिला. वाटेत कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, इथेच पुरून टाका. त्यांनी ऐकलं नाही. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा खांदेकऱ्यांत जेकब होता.

सगळेच असे होते असं मात्र नाही. त्याआधी, १८६६ मध्ये, नाशिकची नऊ मुलं लिव्हिंगस्टनबरोबर गेली होती. त्यांतली बरीच वाटेत सोडून गेली. गेली ते गेली, मोकळीच होती. आणि जे शेवटपर्यंत चालले त्यांच्या मनात राहिलेल्या पगाराची आशा अजिबात नसेल असंही मी म्हणणार नाही. त्या गड्याचं वाक्य आठव : मालक, बायको, मुलं.

तर मित्राला सांग की पणजोबांनी वेठ झुगारली हे बरंच झालं. ती झुगारली नसती तर तुला ‘दास’ म्हणण्याचा अधिकारच नव्हता. आणि तुझ्यापुरतं म्हणशील तर योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना म्हणतो की आता मी तुम्हांला दास म्हणत नाही, मित्र म्हटलं आहे. तोच येशू, ज्याने दासाचं रूप घेतलं असं फिलिप्पैकरांस पत्रात आहे, आणि आदल्याच प्रसंगी ज्याने पंचा कमरेला बांधून पाय धुतले. तो स्वतःला एक म्हणवतो आणि तुला दुसरं म्हणतो. तुला सध्या ‘मित्र’ जमत असेल तर मित्र म्हण. घाई कसली.

प्रश्न : आम्ही कॅथलिक, नाशिकरोडला राहतो. मुलगी बावीस वर्षांची, बीकॉम झाली. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेहून आल्यावर म्हणाली, मला सिस्टर व्हायचंय. हिचे वडील चार दिवस जेवले नाहीत. तिची एक मैत्रीण गेल्या वर्षी मठात गेली, तिचंच हे खूळ असावं असं मला वाटतं. एकदा आत गेली की आयुष्याचं दार बंद, हे तिला कसं समजावू? म्हातारपणी आम्हाला कोण?

उत्तर : ताई, मी तुमच्या मंडळीची नाही, म्हणून वीस वर्षं माझ्याबरोबर वॉर्डात काम केलेल्या एका सिस्टरला फोन लावला. ती आधी पोट धरून हसली. म्हणाली, ‘दार बंद? आमच्याकडे आत येण्यापेक्षा बाहेर जाणं सोपं असतं पहिली काही वर्षं.’

खरी गोष्ट अशी. आधी काही काळ नुसतं राहून बघायचं असतं. मग नवशिक्षा, ती निदान बारा महिने. सतराच्या आत तिच्यात घेतच नाहीत. त्यानंतरची व्रतं तात्पुरती असतात : दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. ही तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत. फार तर नऊपर्यंत लांबवता येतात. मुदत संपली की मुलगी पिशवी उचलून घरी येऊ शकते, कुणी अडवत नाही. मठालाही वाटलं की हिचा पिंड हा नाही, तर तोही तसं सांगतो. मग कुठे कायमची व्रतं. सहा वर्षं हा आकडा ऐकून मी ओझरच्या मुलाच्या पत्राकडे पाहिलं. योगायोग असेल, पण मला आवडला.

माझ्या या मैत्रिणीच्या वडिलांनी तिला मठात सोडताना पत्र्याची ट्रंक दिली होती आणि हळूच सांगितलं होतं, ‘कुलूप लावू नको, कधी पण भरता आली पाहिजे.’ नवशिक्षेत तिने ती दोनदा भरली. एकदा सकाळच्या प्रार्थनेला चार वाजता उठायचा कंटाळा आला म्हणून, आणि एकदा बहिणीच्या मुलाच्या बारशाला जाऊ दिलं नाही म्हणून. दोन्ही वेळा कपडे पुन्हा खुंटीवर गेले. ट्रंक अजून तिच्या खाटेखाली आहे. तिच्यात नाताळच्या गव्हाणीचे पुतळे ठेवते. एका मेंढराचा पाय मोडलाय, तो ती दर वर्षी पिठाच्या खळीने चिकटवते आणि तो दर वर्षी निघतो.

मैत्रिणीचं बघून म्हणत असेल, हा तुमचा संशय मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. असं होतं. आपल्या शेजारच्या जलालपूरच्या लेकीचं, लक्ष्मीबाई टिळकांचंच उदाहरण घ्या. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांत रडणं झालं, ताटातूट झाली, पुढे त्या नवऱ्याजवळ राहायलाही आल्या. पण नवरा ख्रिस्ती झाला म्हणून आपणही होऊन टाकू, हे त्यांनी केलं नाही. स्वतःला पटलं तेव्हाच पाऊल टाकलं. मुलीला विचारा : मैत्रीण उद्या परत आली तर तू काय करशील? लगेच उत्तर दिलं तर ऐकू नका. चार दिवसांनी देईल ते ऐका.

म्हातारपणाचं गोड बोलून सांगत नाही. तिचा पगार मठाकडे जाईल, तुमच्याकडे नाही. सुटीत घरी यायला मिळतं, किती ते प्रत्येक मठाचं निराळं. जाण्याआधी तुम्ही दोघांनी तिथल्या मदरना समोर बसून विचारा, त्यात लाजायचं काही नाही. आणि तिच्या वडिलांना आधी जेवायला घाला. उपाशी माणसाशी कुठलीच बोलणी होत नाहीत. वॉर्डात मी हेच शिकले.

प्रश्न : मी देवळात अठरा वर्षं पेटी वाजवतो. आता एका पोराने कीबोर्ड आणलाय. त्याला पुढे बसवलं, मला ‘काका, तुम्ही भजनाला वाजवा’ म्हणून बाजूला केलं. पाळकांना बोललो तर म्हणाले, लूक १७ वाचा, आपण निरुपयोगी दास. मी येणं बंद करू का?

उत्तर : दादा, ते वचन आहे खरं. शेतातून दमून आलेल्या दासाला कुणी ‘ये, बैस, जेव’ म्हणत नाही. आधी मालकाचं ताट, मग त्याचं. आणि सगळं केल्यावर त्याने म्हणायचं, आम्ही निरुपयोगी दास, करायचं तेच केलं. कठीण वचन आहे. पण ते ‘म्हणायचं’ आहे, स्वतःबद्दल. दुसऱ्याच्या तोंडावर मारायला ते दिलेलं नाही. तुम्ही स्वतः म्हणालात तर नम्रता. पाळकांनी तुम्हाला म्हटलं की तो नुसता उद्धटपणा झाला. कलस्सैकरांस पत्राचंही लोक असंच करतात : जे कराल ते जिवेभावे प्रभूसाठी म्हणून करा, हे कामगाराला ऐकवतात आणि जादा वेळ राबवतात, मालकांनी न्यायाने आणि समतेने वागावं हे चारच ओळींनंतर आहे, तिथपर्यंत कुणी वाचत नाही.

अठरा वर्षांनंतर कुणी बाजूला केलं की बोचतं. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागी आलेल्या मुलीने पहिल्या आठवड्यात माझं औषधांचं कपाट उलटंपालटं लावलं. मी मुद्दाम तिथून जायची आणि ती कशी चुकते ते बघायची. ती फारशी चुकली नाही. त्याचाच जास्त राग आला.

यायचं बंद करू का, हे तुम्हीच ठरवायचं. तुम्हाला पगार नव्हता, बाँड नव्हता, तुम्ही कधीही जाऊ शकत होतात आणि अठरा वर्षं गेला नाहीत. भजनाला वाजवा म्हणाले, तर मला त्यात कमीपणा दिसत नाही. टिळकांच्या भजनांची चाल कीबोर्डवर निघते, पण ठेक्यावर पेटी लागते, आणि आमच्या रांगेतल्या बायका पेटीच्या सुराला धरूनच गातात. कीबोर्ड सुरू झाला की आम्ही कुठे तरी भलत्याच पट्टीत असतो. त्या पोरालाही एखाद्या शनिवारी बोलवा. त्याला भाता मारायला द्या, डावा हात दुखला की त्याला कळेल.

गेल्या वर्षी इस्टरला तुमच्यासारखीच एक पेटी ऐकली, तिचा काळी चारचा सूर बसला होता. तुमचीही अठरा वर्षांची असेल तर रीड काढून साफ करून घ्या, भात्याचं कातडं कुठे विरलं आहे का तेही बघा. उत्तम शुक्रवारला (गुड फ्रायडेला) अजून तीन आठवडे आहेत, तेवढ्यात होईल.